कामाच्या जागी शिकवणारा माणूस

महाराष्ट्रात २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हा तिची चर्चा मुख्यतः रकमेभोवती फिरली. बारावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली, आणि ती संपत आली तसे प्रशिक्षणार्थी नोकरीत कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलनात उतरले. त्यांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. या मुलामुलींनी एवढ्या महिन्यांत नेमके काय शिकायचे होते, ते त्यांना कोण शिकवणार होते आणि शिकवणाऱ्याला त्यासाठी कोणता वेळ आणि कोणती तयारी मिळाली होती, हे प्रश्न मात्र क्वचितच ऐकू आले.

याचा दोष एका योजनेवर किंवा एका सरकारवर टाकता येणार नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांत बारा महिन्यांसाठी पाठवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि तिथेही चर्चा दरमहा ५,००० रुपयांपाशी आणि जागांच्या आकड्यापाशी थांबते. आपल्या सार्वजनिक विचारात प्रशिक्षणार्थी दिसतो, विद्यावेतन दिसते, पोर्टल आणि प्रमाणपत्र दिसते. शिकवणारा दिसत नाही. माझे म्हणणे असे की, कामाच्या जागी शिकवणे हा परीक्षा घेऊन मान्यता द्यावी असा स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि तो तसा मानल्याशिवाय कौशल्यविकासावर खर्च होणारा पैसा कौशल्यात उतरणार नाही. या व्यवसायाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात एकदा नीट सिद्ध झालेली गोष्ट आपण कशी हातची जाऊ दिली, हे पाहिले की पुढे काय करायचे तेही बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करायला हवी, कारण शिकवणारा माणूस नसला की काय होते ते तिथे दिसते. गिरणीत नवा माणूस गावाच्या किंवा नात्याच्या ओळखीने खात्यात शिरे, कोणाच्या तरी साच्याशेजारी (म्हणजे मागाशेजारी) उभा राहून हात बसवी आणि बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम मिळवत मिळवत कधीतरी कायम होई. त्याला आत घेणारा, त्याच्या कामावर नजर ठेवणारा आणि त्याला काढून टाकू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे जॉबर. आणि नवख्याला शिकू द्यायचे की नाही हेही पुष्कळसे त्याच्याच मर्जीवर असे. श्रमविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हाती एकवटलेल्या या सत्तेवर आणि त्यातून निपजणाऱ्या दस्तुरीवर, म्हणजे कामासाठी द्याव्या लागणाऱ्या लाचेवर, कठोर टीका केली होती. दुसऱ्या टोकाला, १८८७ पासून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवत होती. संस्थेत शिकलेला तंत्रज्ञ आणि साच्यावरचा कामगार यांच्या मध्ये, शिकवणे हेच ज्याचे काम आहे असा कोणी नव्हता. कामाचे ज्ञान वशिल्याने मिळत होते, आणि वशिल्याने मिळणारे ज्ञान केव्हाही अडवता येते. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने १९२१ मध्ये स्वतःची टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली त्यामागे परदेशी तज्ज्ञांच्या जागी भारतीय माणसे तयार करण्याची निकड होती. पण अशी उदाहरणे त्या काळात थोडी.

शिकवणे हे कारखान्यातले वेगळे कौशल्य आहे, ही जाणीव पद्धतशीरपणे रुजली ती दोन महायुद्धांच्या दडपणाखाली, अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी अचानक हजारो माणसे लागली, तेव्हा चार्ल्स ॲलन या व्यवसायशिक्षणतज्ज्ञाने शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम सादर करणे, त्याच्याकडून ते करून घेणे आणि त्याची तपासणी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९४० मध्ये, अमेरिकन सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री हा कार्यक्रम उभा केला. चॅनिंग डूली आणि वॉल्टर डिट्झ हे त्याचे प्रमुख सूत्रधार उद्योगांतूनच आलेले होते. त्यांनी ॲलनच्या पायऱ्या घेऊन दहा तासांचा एक अभ्यासक्रम बेतला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, समोर सुमारे दहा सुपरवायझर, आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशात एक छोटे कार्ड. १९४५ पर्यंत साडेसोळा हजारांच्या आसपास कारखान्यांत हे काम पोहोचले आणि साडेसतरा लाख प्रमाणपत्रे दिली गेली.

या अभ्यासक्रमातले एक प्रात्यक्षिक मला फार महत्त्वाचे वाटते. विजेच्या तारेला एक विशिष्ट गाठ मारायची असे. प्रशिक्षक आधी ती कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगे. समोरच्या सुपरवायझरला ती जमत नसे. मग दुसऱ्याला तो काही न बोलता फक्त मारून दाखवी. तरीही जमत नसे. त्यानंतर तो तिसऱ्याला शेजारी घेऊन, त्याची धास्ती घालवून, एकेक पायरी सांगत आणि दाखवत, अडण्याची जागा कोणती ते लक्षात आणून देत, त्याच्याकडूनच करून घेई आणि करता करता त्याला बोलायला लावी. आणि गाठ बसे. वीस-वीस वर्षे लोकांना 'शिकवत' आलेल्या सुपरवायझरांना आपण आजवर सांगत होतो किंवा दाखवत होतो, शिकवत नव्हतो, हे या काही मिनिटांत कळून चुके. या कार्यक्रमाचे ब्रीदच असे होते की, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही.

हे वाक्य घोषणेसारखे वाटले तरी तो व्यवसायाच्या जबाबदारीचा करार होता. शिकण्याच्या अपयशाचा भार त्याने मठ्ठ ठरवल्या गेलेल्या कामगाराच्या डोक्यावरून उचलला आणि शिकवणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. शिवाय त्यामागे एक सूक्ष्म निरीक्षण होते. ज्याचा हात बसला आहे त्याला आपला हात नेमके काय करतो हे सांगता येत नाही, कारण सवयीने ते त्याच्या नजरेआड गेलेले असते. म्हणून शिकवण्याआधी काम उलगडून लिहायचे, त्यातल्या महत्त्वाच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीतली मेख वेगळी काढायची, ही शिस्त त्यांनी घातली. चांगला कारागीर आपोआप चांगला शिक्षक होतो, हा आपल्याकडे आजही सर्वत्र आढळणारा समज तिथे ऐंशी वर्षांपूर्वी मोडीत निघाला होता.

युद्ध संपताच अमेरिकेत हा सरकारी कार्यक्रम बंद झाला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानने तो उचलला. टोयोटाच्या कारखान्यांत आजही काम शिकवण्याच्या पद्धतीचा पाया तोच आहे. आपल्याकडेही तो आला होता हे कमी लोकांना ठाऊक आहे. त्याच दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने भारतात या पद्धतीचे काम सुरू झाले, आणि मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत त्याचे केंद्र होते. पुढे त्याचा प्रसार उद्योगाच्या अंगवळणी पडावा इतका झाला नाही, याची मला खंत वाटते.

तरीही पुणे परिसराकडे सांगण्यासारखे एक उदाहरण आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर सुमंत मूळगावकरांनी पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) कारखाना उभारायला घेतला तेव्हा उत्पादनाच्या आधी प्रशिक्षण विभाग उभा राहिला. शिकाऊ उमेदवार म्हणून तिथे आलेल्या मुलांना फाइल धरण्यापासून शिकवणारे निदेशक होते, त्यांच्या हातचे काम मोजून परत देणारे होते, आणि त्या निदेशकांना कारखान्यात मान होता. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकांनी भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःची वर्कशॉप काढली. या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांना हा इतिहास तोंडपाठ आहे. त्यात शिकवणाऱ्यावर आधी खर्च करण्याचा निर्णय किती मोठा होता, याची दखल मात्र घेतली जात नाही.

याच काळात प्रशिक्षकांचा व्यवसाय म्हणून वेगळा उदय होत होता. अमेरिकेत १९४३ मध्ये प्रशिक्षण संचालकांची संघटना स्थापन झाली. भारतात इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट १९७० मध्ये आली. रिझर्व्ह बँकेचे मुंबईतले बँकर्स ट्रेनिंग कॉलेज १९५४ चे, पुण्यातले टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर १९६६ चे. या संस्थांनी मोलाचे काम केले यात शंका नाही. पण व्यवसायाला प्रतिष्ठा आली तसा प्रशिक्षक यंत्राशेजारून उठला आणि वर्गखोलीत, मग हॉटेलच्या सभागृहात गेला. तो मनुष्यबळ विभागाचा भाग झाला, व्यवस्थापकांना संवादकौशल्य आणि नेतृत्व शिकवू लागला, आणि ज्याच्या हाताखाली यंत्र आहे त्या माणसापासून दूर सरकला.

या स्थलांतराबरोबर जबाबदारीही पातळ झाली. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मोजमाप चार पातळ्यांवर करावे असे सुचवले: सहभागींना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि संस्थेला त्याचा काय उपयोग झाला. ही मांडणी जगभर मान्य झाली, आणि व्यवहारात बहुतेक संस्था पहिल्या पातळीवरच थांबल्या, कारण दिवसाच्या शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेणे सोपे असते आणि तीन महिन्यांनी कारखान्यात जाऊन माणसाचे काम पाहणे अवघड असते. प्रशिक्षणवर्गांत सर्रास दाखवला जाणारा एक तक्ता आहे. वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, आणि करून पाहिलेले नव्वद टक्के, असे तो सांगतो आणि एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचे नाव त्याला जोडलेले असते. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवशंकूत हे आकडे नव्हते. ते नंतर कोणीतरी चिकटवले, आणि त्यांच्यामागे संशोधन नाही. ज्या व्यवसायात असा तक्ता दशकानुदशके विनातपास फिरतो, त्या व्यवसायाने स्वतःच्या दाव्यांची परीक्षा घेणे थांबवले आहे, असे म्हणणे भाग आहे. वैद्यकीत किंवा अभियांत्रिकीत असे खपले नसते.

संगणक आल्यावर मोजणी आणखी सोपी झाली आणि आणखी उथळ झाली. कोणी किती मिनिटे चित्रफीत पाहिली, किती प्रश्नांवर टिचकी मारली, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हे क्षणात कळू लागले. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जागृतीचे कार्यक्रम घेणे मालकावर बंधनकारक केले, आणि त्यामागचा हेतू अत्यंत गंभीर आहे. पण अनेक कार्यालयांत त्याची पूर्तता वर्षातून एकदा अर्ध्या तासाच्या चित्रफितीवर होते. केंद्र सरकारने २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी हाती घेतले आणि लाखो कर्मचारी आयगॉट या ऑनलाइन व्यासपीठावर आले. तिथले साहित्य उपयोगी असू शकते. मात्र तालुक्याच्या कार्यालयात फेरफाराची नोंद घेताना नवा कर्मचारी कुठे अडतो, हे त्याच्या शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते, आणि त्या माणसाला शिकवण्यासाठी वेळ दिलेला नसतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि प्रशिक्षकाचा व्यवसाय संपणार की काय, असा प्रश्न त्या व्यवसायातले लोकच विचारू लागले आहेत. माझ्या मते या व्यवसायाचे जे रूप गेल्या पन्नास वर्षांत तयार झाले, म्हणजे सादरीकरणे बनवणे, साहित्य लिहिणे, प्रश्नसंच काढणे आणि वर्गात ते बोलून दाखवणे, ते झपाट्याने स्वस्त होईल आणि त्यावर पोट भरणाऱ्या अनेकांची ओढाताण होईल. हे दुःखद आहे. त्याकडे डोळेझाक करू नये. पण याच साधनांनी एक जुनी अडचण सुटण्याची शक्यताही निर्माण झाली आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात मराठवाड्यातला, बिहारमधला आणि ओडिशातला मुलगा एकाच लाइनवर उभा असतो आणि यंत्राची सूचनापुस्तिका इंग्रजीत असते. ती पुस्तिका मराठीत, हिंदीत, ओडियात आणणे आजवर खर्चिक होते, आता नाही. भाषांतर बरोबर आहे का, सुरक्षेची सूचना उलटी तर झाली नाही ना, हे मात्र यंत्र चालवणारा आणि भाषा जाणणारा माणूसच तपासू शकतो. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, बोटे गमावण्याचे अपघात आजही होतात. प्रेसखालून हात कधी आणि कसा काढायचा, सेन्सर बंद असेल तर काम नाकारायचे कसे आणि नाकारल्यावर आपल्या पाठीशी कोण उभे राहील, हे नवख्याला कोणताही पडदा शिकवू शकत नाही. त्यासाठी त्याचा हात पाहणारा, त्याला थांबवणारा आणि कारखान्यात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस लागतो. या व्यवसायाचे भविष्य मला तिथेच दिसते.

असा माणूस कायद्याला ठाऊक नव्हता असेही नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या अकराव्या कलमात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शिकाऊ उमेदवाराला त्याच्या व्यवसायाचे शिक्षण द्यावे, मालक स्वतः त्यात पात्र नसेल तर विहित पात्रतेची व्यक्ती त्या शिक्षणाची प्रमुख म्हणून नेमावी, आणि पुरेसे शिकवणारे कर्मचारी ठेवावेत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. नियमांत २०१९ च्या बदलानंतर ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. सरकारी यंत्रणा या टक्केवारीचा पाठपुरावा करते, विद्यावेतनातला वाटाही उचलते. शिकवणारा कोण आणि त्याची पात्रता काय, याची विचारणा त्याच कसोशीने होताना दिसत नाही. त्यामुळे मुलगा वर्षभर पॅकिंगला किंवा माल उचलायला उभा राहतो, कायद्याने तो कामगार नसल्यामुळे कामगाराचे बहुतेक हक्क त्याला मिळत नाहीत, आणि शिकणाऱ्याला जे मिळायला हवे तेही मिळत नाही.

जर्मनीचे उदाहरण इथे प्रस्तुत आहे, कारण कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्या देशातल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केलेला आहे. जर्मनीत १९७२ पासून कारखान्यातल्या प्रशिक्षकाला शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा द्यावी लागते. कंपन्यांनी अधिक जागा द्याव्यात या हेतूने २००३ मध्ये ही अट स्थगित करण्यात आली. तिथल्या केंद्रीय व्यवसायशिक्षण संस्थेच्या पाहणीत परीक्षा दिलेले प्रशिक्षक नसलेल्या आस्थापनांत प्रशिक्षण अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण अधिक आढळले, दर्जाबद्दलच्या तक्रारी आल्या, आणि २००९ मध्ये अट पुन्हा लागू झाली. संख्या वाढवण्यासाठी शिकवणाऱ्याची अट सैल करून पाहण्याचा प्रयोग एका उद्योगप्रधान देशाने सहा वर्षे केला आणि तो मागे घेतला. तो आपण नव्याने करण्याची गरज नाही.

यावर लहान उद्योजकांचा आक्षेप असतो आणि तो खरा आहे. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला स्वतंत्र प्रशिक्षक परवडत नाही, आणि शिकवलेला मुलगा दुसऱ्या महिन्यात हजार रुपये जास्त देणाऱ्याकडे जातो, हा अनुभव खोटा नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. शिकवण्याचा लाभ ज्या अर्थी एका मालकापाशी टिकत नाही आणि साऱ्या औद्योगिक वसाहतीला मिळतो, त्या अर्थी त्याचा खर्चही साऱ्या वसाहतीने आणि शासनाने मिळून उचलला पाहिजे. पन्नास वर्कशॉपमागे फिरते तीन प्रशिक्षक, त्यांचे मानधन उद्योग संघटना आणि शासन यांच्यात वाटून, ही रचना अवाजवी नाही. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर ती अपरिहार्य आहे, कारण मुख्य मालक त्यांना आपले मानत नाही आणि कंत्राटदाराकडे शिकवण्याची सोय नसते, त्यामुळे सर्वांत धोक्याच्या कामावरची माणसेच सर्वांत कमी शिकवलेली असतात. औद्योगिक संबंध संहितेत कामावरून कमी केलेल्या कामगारासाठी पुनःकौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यायची आणि ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. अडचणीच्या वेळी ती रक्कम उपयोगाचीच आहे, पण ती घेऊन त्याने नवे काम कोणाकडे शिकायचे याची कोणतीच व्यवस्था त्या तरतुदीत नाही.

ती व्यवस्था उभारायला लागणारी माणसे आपल्याकडे आहेत. पिंपरी-चिंचवड, अंबड, वाळूज, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव या वसाहतींत वर्षानुवर्षे काम करून निवृत्तीला आलेले फिटर, टर्नर, वेल्डर आणि टूलरूममधले कारागीर शेकड्यांनी आहेत. त्यांना शिकवण्याची पद्धत शिकवावी, काम उलगडून लिहिण्याचा सराव द्यावा, आयटीआयच्या निदेशकांसमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवण्याची परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण होणाऱ्याला राज्याच्या कौशल्य विभागाने मान्यताप्राप्त कार्यस्थळ प्रशिक्षक म्हणून नोंदवून तासाला ठरलेले मानधन द्यावे. शासकीय कार्यालयांसाठी हेच निवृत्त अव्वल कारकून आणि मंडळ अधिकारी यांच्या बाबतीत यशदासारखी राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था करू शकेल. युवा कार्य प्रशिक्षण योजनेची पुढची तुकडी घेताना ज्या कार्यालयात किंवा कारखान्यात असा नोंदणीकृत प्रशिक्षक नाही तिथे प्रशिक्षणार्थी पाठवू नये, आणि ज्याच्या हाताखाली ते शिकले त्याचे नाव प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर लिहावे.